शुक्रवारचा खेळाचा तास

आमच्या शाळेत दहावी अ ला आठवड्यातून दोन खेळाचे तास असायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी. ते दोन्ही मी खाल्ले. खाल्ले हाच शब्द बरोबर आहे. घेतले म्हटलं तर स्वतःला सांभाळून घेतल्यासारखं होईल. मी गणिताची बाई. धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं दहावीला गणित शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं शाळेचं वेळापत्रकही मीच लावलं. नाकावर राग आणि हातात खडू, अशी माझी ख्याती होती. पोरं मला मागून काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, इथं लिहिणार नाही.

खेळाचे सर माझ्याहून चार वर्षांनी मोठे. मूळचे नरडाण्याकडचे, तरुणपणी खो-खो खेळलेले, अंगानं काटक. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि बोलणं अगदी कमी. आम्ही बाकीचे शिक्षक स्टाफरूममध्ये तोंडाचा पट्टा चालवायचो, ते दारात उभे राहून ऐकायचे. बसायला सांगितलं तर म्हणायचे, "बसलो की मला सुचत नाही."

त्यांची एक गंमत होती. जूनमध्ये नवा वर्ग आला की पहिल्याच तासाला ते सगळ्यांना ग्राउंडला तीन चकरा पळायला लावायचे आणि स्वतःही पळायचे. एकेका पोराच्या शेजारी वीस-पंचवीस पावलं. "नाव काय? गाव कुठलं? घरी कोण कोण?" पोरगं धापा टाकत सांगायचं, की सर पुढच्याकडे. तिसरी चकर संपेपर्यंत साठ पोरांची नावं, गावं, घरदार सगळं त्यांच्या डोक्यात. मग वर्षभर त्यांना हजेरीचं पुस्तक लागायचं नाही. मला तीच साठ नावं पाठ व्हायला दिवाळी उजाडायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बसून सांगितलेलं नाव माझ्या डोक्यात राहत नाही बाई. पळताना सांगितलेलं जात नाही."

"तुमचा मेंदू पायात आहे सर," मी म्हटलं होतं. स्टाफरूम हसली. तेही हसले.

तास खायला मी कधी सुरुवात केली ते नीट आठवतं. एका वर्षी भूमितीचा पोर्शन मागे पडला. मी सरांना म्हटलं, "शुक्रवारचा तास द्याल का? एवढ्या वेळेला." त्यांनी दिला. मग पुढच्या शुक्रवारी मी विचारलं नाही, त्यांनीच दिला. मग मंगळवारही गेला. पुढं पुढं तर विचारायचं कारणच उरलं नाही. तासाची घंटा झाली की ते पोरांना वर्गात बसवून ठेवायचे, दारात येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाई, घ्या तास. पोरं बसवलीत." पोरांचे चेहरे पडलेले असायचे. त्यांचाही पडलेला असणार. मी तो बघितला नाही, मी फळ्याकडे तोंड केलेलं असायचं.

माझं बघून विज्ञानाच्या सरांनी नववीचे तास घेतले, इंग्रजीच्या मॅडमनी दहावी ब चे. सर मोकळे राहायला लागले. मोकळा माणूस मुख्याध्यापकांच्या डोळ्यात खुपतोच. त्यांनी सरांना ऑफिसात एक खुर्ची दिली. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरा, परीक्षेचे बैठक नंबर टाका, दाखले लिहा. ज्या माणसाला बसलं की सुचत नव्हतं, तो माणूस नोकरीची शेवटची बारा-तेरा वर्षं खुर्चीवर बसून होता. पोट सुटलं, साखर निघाली, मग ब्लडप्रेशर. बूट मात्र रोज पांढरे करून यायचे. मी एकदा चेष्टेनं म्हटलंसुद्धा, "सर, एवढे बूट चकाचक, आणि मळवता कुठं?" काय जीभ असते एकेकाची!

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, ती आता सांगते. एका वर्षी तपासणीला साहेब येणार म्हणून महिनाभर सगळे तास वेळापत्रकाप्रमाणे घ्यायचा हुकूम आला. खेळाचा तास खेळालाच. त्याच्या पाठोपाठ माझा तास. पोरं घामेजलेली यायची, वर्गात घामाचा वास, शर्ट बाहेर, मी जाम चिडायचे. पण त्या महिन्यात मी वर्गसमीकरणं शिकवली आणि ती पोरांना पटापट समजली. मागच्या बाकावरची, जी एरवी माझ्याकडे बघून नुसती मान हलवायची, ती हात वर करत होती. आठवड्यानं विचारलं तरी त्यांच्या लक्षात होतं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "यंदा माझं शिकवणं काय रंगलंय म्हणून सांगू!" साहेब येऊन गेले, मी तास परत घेतला, पोरं परत मान हलवायला लागली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. मी गणिताची बाई, दोन आणि दोन मला करता येतात. पण पोर्शन राहिला होता.

सर निवृत्त झाले, चार वर्षांनी मी झाले. त्यांचं घर पांझरेच्या अलीकडे, जुन्या धुळ्यात, नंबराच्या गल्ल्यांमधल्या एका गल्लीत. माझं घर त्यांच्या मागच्या गल्लीत. येता-जाता नमस्कार व्हायचा. मागच्या वर्षी दिवाळी झाली आणि चार दिवसांनी वहिनी, म्हणजे सरांची बायको, धापा टाकत माझ्या दारात. "बाई, ह्या दूध लेवाले गयात, आखो उनात नहीत." दूध आणायला गेलेले सर अजून परतले नव्हते, असं त्या त्यांच्या अहिराणीत सांगत होत्या. आम्ही दोघी शोधत फिरलो. डेअरी, मारुतीचं देऊळ, बाजार. शेवटी तीन तासांनी बसस्टँडवर सापडले. बाकावर बसले होते, हातात दुधाची पिशवी, दूध नासलेलं. मला बघून म्हणाले, "बाई, गाडी किती वाजता आहे?" कुठली गाडी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

हे पहिल्यांदाच झालेलं नाही, असं वहिनींनी मग रडत रडत सांगितलं. शेजारच्यांची नावं गेली, औषध घेतलं की नाही ते जातं, कधी कधी संडासाचं दार सापडत नाही. "बठ्ठं इसरी चालनात, बाई. मी कोनले सांगू?"

त्यांचा मुलगा पुण्याला इंजिनियर. तोही माझ्याच हाताखालून गेलेला, दहावी अ. त्याला लगेच सुट्टी मिळेना, म्हणून मीच त्या दोघांना घेऊन एसटीनं जळगावला गेले. तिथं मेंदूची डॉक्टर आहे, तीही आमची विद्यार्थिनी. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, सर खिडकीशी बसलेले. मी विचारलं, "सर, हे कुठलं गाव?" त्यांनी पाटीकडे बघितलं, ती वाचली आणि मग सांगितलं. मला वाटलं, चला, वाचता येतंय.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले. एक आला. घड्याळ काढायला सांगितलं, तर सगळे आकडे एका बाजूला दाटीनं बसवले, दुसरी बाजू कोरी. ज्या माणसानं जन्मभर स्टॉपवॉच धरलं त्याचं ते घड्याळ बघून मला खोलीतून उठून जावंसं वाटलं.

नंतर तिनं मला बाजूला घेऊन समजावलं. मी एके काळी तिला समजावायचे तसंच, हळूहळू. "बाई, मेंदूत आत, कानाच्या वरच्या बाजूला एक लहानसा भाग असतो, करंगळीएवढा. नवीन काही शिकलं की ते आधी तिथं जातं आणि मग पक्कं होतं. रस्ता लक्षात ठेवणंही त्याचंच काम. वय झालं की तो आकसतो, या आजारात लवकर आकसतो. माणूस रोज थोडा दम लागेल असा चालला, की तिथं रक्त जास्त जातं, त्याला खतपाणी मिळाल्यासारखं होतं. गेलेलं परत येईल असं मी म्हणत नाही. उरलेलं थोडे दिवस जास्त टिकेल, तेही बहुतेक. पण रोज चालायला हवं. खाडा नको."

"आणि वर्षानुवर्षं बसून राहिलं तर? साखर, ब्लडप्रेशर?"

"ते सगळं त्याच्या विरोधात जातं. पण कारण एकच नसतं हो बाई." मग जरा हसून म्हणाली, "रागावू नका, पण आमचा पीटीचा तास तुम्ही घ्यायच्या ना. सर दारात येऊन सांगायचे, ते अजून आठवतं." ती गमतीनं म्हणाली. परतीच्या वाटेवर एसटीत मी सगळा वेळ आठवड्याचे दोन, वर्षाचे किती, आणि बारा वर्षांचे किती, हाच गुणाकार करत होते. उत्तर काढता येत होतं, पण काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात मुलगा आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. आई एकटी, बाबा असे हरवायला लागले, कुणी किती शोधायचं? पुण्याला अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, खाली वॉचमन आहे, बाबा बाहेर जाण्याचा प्रश्नच येणार नाही. चुकीचं काही बोलत नव्हता पोरगा. पण सर तेवढं ऐकून उठून उभे राहिले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज मी तसा ऐकला नव्हता. "मी नाही येणार. माझं ग्राउंड इथं आहे." आणि वहिनी मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, "तठे मी कोनासंगे बोलू, बाई? माले तठली भाषा बी नही येत."

मग मी मध्ये पडले. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी पडले. मुलाला म्हटलं, "मार्चअखेरपर्यंत थांब. मी सरांना रोज चालवते. घरून शाळेच्या ग्राउंडवर ते एकटे गेले आणि एकटे घरी परत आले, तर त्यांना न्यायचं नाही. नाही आले तर मी तोंड उघडणार नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. दहावीतला धाक अजून थोडा शिल्लक असावा. म्हणाला, "ठीक आहे बाई. पण मी स्वतः येऊन बघणार."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला मी त्यांच्या दारात. आमचे हे म्हणाले, "चाळीस वर्षं मला फिरायला चल म्हणतोय तर गुडघे दुखतात, आणि आता पहाटे कुठं? पीटीला?" गल्लीतल्या दोन बायका खिडकीतून बघायच्या. बघा म्हटलं, डोळे भरून बघा.

सर मात्र तयार असायचे. पांढरे बूट घालून ओट्यावर. गल्ली, मग आग्रा रोड, मग पांझरेचा पूल, पूल उतरलं की देवपूर, डावीकडे वळलं की शाळा. ग्राउंडला एक चकर आणि परत. पहिले काही दिवस मी त्यांचं मनगट धरून चालवलं. मी उभं करून विचारायचे, "सर, पुलानंतर काय?" ते माझ्याकडे बघत राहायचे. मी चिडायचे, मग माझीच मला लाज वाटायची. आणि मग एक दिवस मला त्यांचीच युक्ती आठवली. उभं करून नाही विचारायचं. भरभर चालायचं आणि चालता चालता विचारायचं, त्यांनी पोरांना विचारलं तसं. "सर, पुढं काय?" आणि पायाच्या ठेक्यात उत्तर आलं. "पूल." "मग?" "उतार." "मग?" "डावीकडे." मी भर रस्त्यात टाळी वाजवली. दूधवाला सायकलवरून पडता पडता राहिला.

हिवाळा तसाच गेला. खाडा नाही, थंडी असो की माझा गुडघा असो. जानेवारीत एकदा ग्राउंडवर चकर मारताना ते आपणहून बोलायला लागले. "इथं तो पळायचा, शिंदखेड्याचा, डावखुरा. त्याच्या मागं ती, वडील पोस्टात. तिच्या मागं जुळे भाऊ, थोरला रडका." एका बॅचची पंधरा-वीस पोरं सांगितली, पळताना ज्या क्रमानं होती त्या क्रमानं. मी त्या पोरांना वर्षभर शिकवलं होतं, मला त्यातली दोन आठवली. घरी येऊन खुर्चीत बसले, वहिनींनी चहा दिला, आणि मी विचारलं, "सर, मगाशी कुणाकुणाबद्दल सांगत होतात?" तर म्हणाले, "मी? केव्हा?" मी वहिनींना काही सांगितलं नाही. तेवढी चकर मात्र मला मिळाली होती, ती मी कुणाला देणार नव्हते.

फेब्रुवारीत मी मनगट सोडलं. आधी दहा पावलं मागं राहिले, मग वीस, मग चाळीस. ते वळून बघायचे, मी दुकानाच्या आड. मार्चच्या सुरुवातीला एकदा त्यांना एकटं सोडलं आणि मी त्यांच्याच ओट्यावर वहिनींचा हात धरून बसले. पाऊण तास झाला, तास झाला. आणि मग गल्लीच्या तोंडाशी पांढरे बूट दिसले. "माय वं! एकलाच उनात!" वहिनी ओट्यावरून धावल्या. मी सहासष्ट वर्षांची बाई, त्या दिवशी उड्या मारायचं तेवढं बाकी होतं. त्या आठवड्यात ते तीनदा एकटे गेले आणि तीनदा आले. मी मुलाला फोन केला, "ये रे, बघून जा."

तो म्हणाला, पुढच्या शुक्रवारी येतो.

आता माझी चूक सांगते. आयुष्यभर मी पोरांना परीक्षेआधी सांगायचे, चार दिवस डोक्याला विश्रांती द्या, ताजेतवाने होऊन या. सरांनाही तेच केलं. सोमवार ते गुरुवार चालणं बंद. म्हटलं, ऊन वाढलंय, दमायला नकोत, शुक्रवारी टवटवीत हवेत. खाडा नको, असं डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, पण गणिताच्या बाईपुढं डॉक्टर काय! आणि त्याच सोमवारी शाळा सकाळची झाली. खानदेशात ऊन तापायला लागलं की शाळा सकाळची होते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वेळापत्रकात तो बदल मी स्वतः दरवर्षी केलेला. पण चार दिवस पूल ओलांडला नाही आणि ते माझ्या डोक्यातून साफ गेलं. विसरण्याची परीक्षा त्यांची होती आणि विसरले मी.

शुक्रवारी साडेसहाला सर निघाले. मागं चाळीस पावलांवर मी आणि मुलगा. सरांनी गल्ली ओलांडली, आग्रा रोडला बरोबर वळले, पुलावर एकदा कठड्याशी थांबले. माझा जीव टांगणीला. मग चालू लागले. उतार, डावीकडे. मुलगा हळूच म्हणाला, "बाई, खरंच जमतंय." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यालाही बापाला कोंडून ठेवायची हौस नव्हती.

ते ग्राउंडवर गेले आणि चकर मारायला लागले. आजवर त्या वेळेला तिथं चिटपाखरू नसायचं. आणि तेव्हा मला शाळेच्या फाटकातून आत जाणारी पोरं दिसली. गणवेश, दप्तरं. मी काही बोलायच्या आत सातची घंटा झाली.

सर अर्ध्या चकरेत थांबले. घंटा संपेपर्यंत ताठ उभे राहिले. मग घराकडे न वळता ते शाळेच्या इमारतीत शिरले. मी धावले, गुडघा विसरून. ते जिना चढून वर गेले होते. कुठं गेले असतील ते मला शोधावं लागलं नाही.

दहावी अ च्या दारात ते उभे होते. दहावीची पोरं बोर्डाच्या परीक्षेत होती, त्या खोलीत आता नववी बसत होती. वर्गात अजून शिक्षक आलेले नव्हते, गोंधळ चालला होता. सरांनी एकदाच टाळी वाजवली. "बसा. खाली बसा." पोरांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण बसली, चिडीचूप. मग सर वळले आणि व्हरांड्यात धापा टाकत उभी असलेली मी त्यांना दिसले. आणि त्यांनी मला लगेच ओळखलं. गेले चार महिने रोज हात धरून चालवणारी मी त्यांना कधी ओळखू यायचे, कधी नाही. ही तासाला आलेली बाई मात्र ओळखली.

"बाई, घ्या तास," ते म्हणाले. "पोरं बसवलीत."

मी म्हटलं, "नको सर. आज तुमचाच तास आहे. घेऊन जा पोरांना ग्राउंडवर."

मी त्यांना हे एकदाही म्हटलं नव्हतं, इतक्या वर्षांत एकदाही नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की बाई आज चेष्टा करताहेत. "नाही नाही. पोर्शन राहिलाय ना तुमचा." आणि ते माझ्या बाजूनं निघून गेले, जिना उतरले, ऑफिसच्या दाराशी जी बाकं असतात त्यातल्या एकावर बसले. हात गुडघ्यांवर, नजर समोर. त्यांचा मुलगा त्यांच्यासमोर उभा राहिला. ते म्हणाले, "फॉर्म भरायचाय का? नाव सांग."

मी वर जिन्याच्या तोंडाशीच उभी होते, तेवढ्यात एक तरुण मॅडम हातात पुस्तक घेऊन लगबगीनं आल्या. मी विचारलं, "आता कसला तास आहे, मॅडम?"

"तसा पीटीचा," त्या म्हणाल्या, "पण माझा पोर्शन राहिलाय."

हा धडा माझाच होता.

मुलगा मला एक शब्दही लावून बोलला नाही. वाटेत एवढंच म्हणाला, "बाई, मीही त्याच वर्गात बसायचो. बाबा दारात यायचे तेव्हा मी खाली मान घालायचो." रविवारी ते तिघं पुण्याला निघाले. वहिनींनी तुळशीचं रोप माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. सर गाडीत बसताना मला म्हणाले, "येतो हं, ताई." ताई म्हणाले.

मी सकाळची जाते अजून, पुलापर्यंत. शाळेकडे वळत नाही. मुख्याध्यापकांकडे मात्र एकदा गेले होते, भांडायलाच, की खेळाचा तास खेळाला ठेवा, पोरांचं डोकंही त्यानंच चालतं, मी बघितलंय. ते नव्या दमाचे आहेत, हसतमुख. म्हणाले, "बाई, ही पद्धत तुमचीच ना?" मी चहा न पिता उठले.

परवा वहिनींचा फोन आला. तिकडं सर आता फारसं बोलत नाहीत. फ्लॅटमध्ये चालायला जागा नाही आणि खाली नेलं तर लिफ्टला घाबरतात. पण एक नेम अजून चुकत नाही. "रोज सकायले बूट घालीसन खुर्चीवर बसतस, बाई. आन् इचारतस, बाई आखो कशा उन्यात नहीत?"

ते माझी वाट चालायला जायचं म्हणून बघतात, की तास द्यायचा म्हणून, हे वहिनींना विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी विचारलं नाही.